विमान न विकणारी विमानांची लॅब: एनएएल नेमकं करते तरी काय?

बेंगळुरूत विमानाशी संबंध असलेल्या इतक्या सरकारी संस्था आहेत की माणूस गोंधळतोच. एचएएल, एडीए, एनएएल, डीआरडीओच्या चार-पाच लॅब आणि वरून इस्रो. आमच्याकडं तर कुणाचं पोरगं यातल्या कुठंही लागलं की चौकात बॅनर लागतो ‘इस्रोमध्ये निवड’, मग ते प्रत्यक्षात कुठं का असंना. त्यातल्या त्यात एनएएल, म्हणजे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ती रॉकेट सोडत नाही, लढाऊ विमानावर तिची पाटी नसते आणि टीव्हीवर तिचं काउंटडाउन पण होत नाही. मी वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, विमानाशी पोटापाण्याचा काही संबंध नाही, पण पार्ट तुटेपर्यंत ताणून बघायचं हेच रोजचं काम, त्यामुळं ही लॅब मला लई जवळची वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कोण कुणाचं ते बघून घेऊ. एचएएल हा कारखाना, विमान बनवून हवाई दलाला देतो. एडीए ही तेजस या लढाऊ विमानासाठी १९८४ साली काढलेली डिझाइनची संस्था. डीआरडीओ संरक्षण खात्याची, इस्रो अंतराळ खात्याची. एनएएल मात्र सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, पुण्याची एनसीएल ही रसायनांची लॅब ज्यांची त्यांचीच. उडायची परवानगी देणारे अजून वेगळे, नागरी विमानाला डीजीसीए आणि लष्करीला सेमिलॅक. मग एनएएलच्या वाट्याला उरलं काय? तर या सगळ्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं काढून देणं. हा पंख किती भार पेलेल, हा आकार आवाजाच्या दीडपट वेगाला कसा वागेल, हा भाग किती उड्डाणांनी तडकेल. उत्तर कागदावर जातं, विमानावर नाव दुसऱ्याचं लागतं.

लॅब सुरू झाली १ जून १९५९ ला, दिल्लीत. तेव्हा नाव नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरी, पहिले डायरेक्टर पी. नीलकंठन. वर्षभरातच बाडबिस्तरा बेंगळुरूला हलवला आणि सुरुवातीचं ऑफिस कुठं मिळालं तर म्हैसूरच्या महाराजांच्या राजवाड्याच्या तबेल्यात. आज कोडिहळ्ळी आणि बेलूर असे दोन मोठे कॅम्पस आहेत. १९९३ ला नावातलं एरोनॉटिकल जाऊन एरोस्पेस आलं, कारण तोपर्यंत रॉकेटचं काम पण तिथं भरपूर व्हायला लागलं होतं.

आता कुणी विचारेल, विमान बनवणारी कंपनी स्वतःच टेस्ट करते की, मग सरकारनं वेगळी लॅब कामून पोसायची? याचं उत्तर इंग्लंडच्या कॉमेट विमानात आहे. जगातलं पहिलं प्रवासी जेट, १९५२ ला सेवेत आलं, सगळीकडं नुसता गाजावाजा. आणि १९५४ च्या जानेवारीत एक अन् एप्रिलमध्ये दुसरं, अशी दोन विमानं इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. कारण कुणाला कळेना. मग फार्नबरोच्या सरकारी लॅबनं काय केलं, एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत घातलं आणि आत पाण्याचा दाब वाढव, कमी कर, वाढव, कमी कर, असं परत परत केलं, म्हणजे विमान वर गेलं, खाली आलं, वर गेलं, खाली आलं. एक दिवस खिडकीच्या कोपऱ्याजवळ पत्रा फाटला. धातू थकला होता. प्रत्येक उड्डाणाचा ताण एकट्यानं काहीच नव्हता, पण तो परत परत आला. त्यानंतर जगभर विमानाची रचना, खिडक्यांचे कोपरे, तपासणीचं वेळापत्रक, सगळंच बदललं. एखाद्या कंपनीनं आपला धंदा चालू असताना आपलंच नवंकोरं विमान टाकीत बुडवून फाडावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्यासाठी माल विकायची घाई नसलेला कुणीतरी लागतो. जर्मनीत, फ्रान्समध्ये, नेदरलँडमध्ये अशा राष्ट्रीय लॅब आहेत, अमेरिकेत तर नासाच्या आधीची नाका १९१५ पासून हेच करत होती.

धातू थकणं हा माझ्या आवडीचा विषय आहे तर थोडं थांबतो इथं. आमच्याकडं दुचाकीचा एखादा भाग रिगवर, म्हणजे टेस्टच्या सांगाड्यावर, लावतात आणि लाखो वेळा तोच झटका देत बसतात, रात्रंदिवस. तुटला की पहिलं काम तुटलेलं तोंड बघायचं. थकून तुटलेला तुकडा बघितला की लगेच कळतं, एका बाजूला गुळगुळीत भाग असतो, त्यावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या बारीक रेषा, आणि उरलेला भाग एकदम खरबरीत, दाणेदार. रेषा जिथून निघाल्या तिथं क्रॅक जन्मला, बहुतेक वेळा मशीनिंगचा ओरखडा नाहीतर वेल्डच्या कडेचा खड्डा असतो, आणि खरबरीत भाग म्हणजे शेवटचा एका दणक्यात गेलेला. एनएएलमध्ये हेच काम विमानाच्या भागांवर होतं, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. त्यात अजून बारीक रेषा दिसतात आणि त्या मोजून क्रॅक किती काळ वाढत होता याचा अंदाज बांधता येतो. एखाद्या विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा अपघात झाला, मशीनचा भाग तुटलेला सापडला, की प्रश्न हाच असतो, हा तुटला म्हणून विमान पडलं का विमान पडलं म्हणून हा तुटला? वर्तमानपत्रात तोपर्यंत चार कारणं छापून आलेली असतात. तुटलेलं तोंड मात्र एकच कारण सांगतं.

आणि नुसते सुटे भाग नाहीत, अख्खं विमान किंवा अख्खा पंख लोखंडी सांगाड्यात बांधून हायड्रॉलिक जॅकनं वर-खाली वाकवायची सोय तिथं आहे. खरं विमान वीस-तीस वर्षांत जेवढे धक्के खातं तेवढे रिगवर काही महिन्यांत देऊन होतात. हवाई दलाच्या जुन्या विमानांचं आयुष्य अजून किती वाढवता येईल असा प्रश्न येतो तेव्हा पण असल्याच टेस्टवर भरवसा ठेवावा लागतो.

आता विंड टनेल, म्हणजे आत मॉडेल ठेवून त्यावर जोराचा वारा सोडायचा बोगदा. एनएएलचं सगळ्यात नावाजलेलं यंत्र म्हणजे बेलूर कॅम्पसमधलं १.२ मीटरचं ट्रायसॉनिक टनेल, १९६७ पासून चालू. ट्रायसॉनिक का, तर आवाजापेक्षा कमी वेग, आवाजाच्या आसपासचा वेग आणि आवाजापेक्षा जास्त वेग, तिन्ही त्यात मिळतात, मॅक ०.२ पासून मॅक ४ पर्यंत (मॅक १ म्हणजे आवाजाइतका वेग). एवढ्या वेगाचा वारा पंख्यानं सतत वाहवायचा म्हटलं तर वीज किती लागेल विचारू नका. म्हणून पंक्चरवाल्याच्या दुकानात जसा कॉम्प्रेसर आधी टाकी भरत बसतो अन् मग एका दमात हवा सोडतो तसंच इथं आहे, फक्त टाक्या अवाढव्य. कॉम्प्रेसर बराच वेळ हवा दाबून भरतो, झडप उघडते, आणि १.२ मीटर चौकोनी खोक्यातून वारा सुटतो तो काही सेकंदच. तेवढ्यात सगळी मापं घ्यायची.

खोक्यात विमानाचं छोटं मॉडेल असतं, मागून एका दांड्यावर धरलेलं, आणि पोटात बॅलन्स नावाचं सेन्सर बसवलेलं, ते वर उचलणारा जोर, मागं ओढणारा जोर, नाक वर-खाली करणारा पीळ हे सगळं वेगवेगळं मोजतं. मॉडेल खेळण्यातलं नसतं बरं का, चांगल्या स्टीलचं, मायक्रॉनमध्ये घासलेलं, आमच्या सीएनसीवाल्यांनी बघितलं तर हात जोडतील. आवाजाच्या वर गेलं की नाकापुढं शॉकवेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची लाट, तयार होते, ती डोळ्याला दिसत नाही पण हवेची घनता बदलल्यानं प्रकाश वाकतो आणि खास कॅमेऱ्यात तिची काळी रेघ उमटते. एसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही ही इस्रोची रॉकेटं, तेजस, आपल्याकडची बहुतेक मोठी उडणारी वस्तू आधी मॉडेल म्हणून या खोक्यातून गेलेली आहे. कॉम्प्युटरवर हवेचं गणित सुटतं आता, मान्य, पण ते गणित बरोबर सुटलं का हे तपासायला परत टनेलच लागतं.

तेजसमध्ये एनएएलचा हात तर दोन ठिकाणी मोठा आहे. एक म्हणजे कार्बन कॉम्पोझिट. तेजसच्या सांगाड्याचं साधारण ४५ टक्के वजन कॉम्पोझिटचं आहे. हे बनवायचं कसं, तर कार्बनच्या धाग्यांचं राळ लावलेलं कापड येतं, ते फ्रीझरमध्ये उणे तापमानात ठेवावं लागतं नाहीतर राळ आपोआप घट्ट व्हायला लागते. ते थरावर थर लावायचं, प्रत्येक थराच्या धाग्याची दिशा ठरलेली, कारण धागा ओढायला लई मजबूत पण आडवा काहीच कामाचा नाही. मग वरून प्लॅस्टिकची पिशवी लावून हवा काढून टाकायची आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भट्टीत घालायचं, साधारण १८० अंश आणि सहा-सात पट वातावरणाचा दाब. एनएएलनं भाग तर बनवलेच, पण असले ऑटोक्लेव्ह पण इथंच बनतील हे बघितलं. आणि पंखाची कातडी अन् आतल्या फासळ्या एकाच भट्टीत एकत्र भाजायचं तंत्र बसवलं. त्यानं हजारो रिव्हेट वाचतात, वजन वाचतं, आणि प्रत्येक रिव्हेटचं भोक म्हणजे क्रॅकला आवतण असतं, ते पण वाचतं.

दुसरं म्हणजे कंट्रोल लॉ. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय, म्हणजे झपकन वळावं म्हणून त्याचा तोल असा ठेवलाय की पायलटनं एकट्यानं सांभाळायचं म्हटलं तर जमणार नाही. कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा पंखाच्या पट्ट्या हलवून त्याला सरळ ठेवतो, आणि तो बंद पडून चालणार नाही म्हणून चार समांतर चॅनल. पायलटनं स्टिक ओढली तर कॉम्प्युटरनं नेमकं काय करायचं हे नियम ज्या राष्ट्रीय टीमनं लिहिले तिचं नेतृत्व एनएएलकडं होतं. त्यात चूक झाली असती तर ४ जानेवारी २००१ च्या पहिल्याच उड्डाणात कळलं असतं. झाली नाही. लोकांना इंजिन परदेशी आहे एवढंच आठवतं. असो.

सामान्य प्रवाशाच्या कामाची एक वस्तू सांगतो, दृष्टी. धुक्यात विमान उतरवायचं का नाही हे पायलटला किती मीटरची धावपट्टी दिसेल यावर ठरतं. ते मोजायला धावपट्टीच्या बाजूला दोन खांब असतात, एकातून प्रकाश सोडायचा, ठराविक अंतरावरच्या दुसऱ्यात किती पोचला ते बघायचं, जेवढा धुक्यानं खाल्ला तेवढी दृश्यता कमी. हे यंत्र आधी बाहेरून महागात यायचं, एनएएलनं इथं बनवलं आणि हवामान खात्यासोबत देशातल्या विमानतळांवर बसवलं. दिल्लीला तर ५० मीटर दिसत असलं तरी योग्य विमान अन् योग्य पायलट असेल तर उतरता येतं. तिथं दहा-वीस मीटरची चूक म्हणजे काय होईल बघा.

आपल्याकडं धुक्याचा प्रॉब्लेम कमी, उन्हाचा जास्त. आमच्या संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंच. मेमध्ये ४३ अंश झाले की तिथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशाच्या प्रमाणित हवेपेक्षा साधारण १५ टक्के विरळ होते. हवा विरळ म्हणजे पंखाला उचल कमी, इंजिनाला पण दम कमी, म्हणजे धावपट्टी जास्त लागणार नाहीतर सामान-माणसं कमी घ्यावी लागणार. जुन्या लोकांना २६ एप्रिल १९९३ आठवत असेल. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ भर दुपारी चिकलठाण्याहून उडालं आणि धावपट्टीच्या टोकाशी बीड रोडवर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ लोक गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या, नाक उचलायला उशीर झाला आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही. उन्हावर खापर फोडायचं नाही मला. पण विमान कागदावर किती मीटरमध्ये उडतं आणि आपल्या गावात, आपल्या दुपारी किती मीटरमध्ये उडतं हे दोन वेगळे आकडे असतात, आणि नवीन विमान बनवताना हे आकडे असल्याच उन्हात जाऊन मोजावे लागतात.

आता ज्या गोष्टीवरून एनएएलला सगळ्यात जास्त बोल लावतात ती, सरस. छोट्या शहरांसाठी १४ सीटचं विमान, दोन टर्बोप्रॉप इंजिनं शेपटीकडं आणि पंखे मागच्या बाजूला तोंड केलेले. पहिलं उड्डाण २९ मे २००४. विमान ठरवल्यापेक्षा बरंच जड झालं, म्हणून दुसरा नमुना हलका करायचा प्रयत्न झाला. तो ६ मार्च २००९ ला बेंगळुरूजवळ बिडदीला पडला आणि हवाई दलाचे तिघं गेले. हवेत एक इंजिन बंद करून परत चालू करायची चाचणी होती, आणि चौकशीत निघालं की ते परत चालू करायची जी पद्धत डिझाइनवाल्यांनी आखून दिली होती तीच चुकीची होती, वर उंचीही पुरेशी नव्हती. यात लॅबची बाजू घ्यायला जागा नाही. त्यानंतर प्रकल्प वर्षानुवर्षं पडून राहिला, मग पहिलाच नमुना दुरुस्त करून २४ जानेवारी २०१८ ला परत उडवला, आणि आता १९ सीटचं सरस मार्क-२ असा नवा आराखडा आहे.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं कामून? नांदेडचं बघा. उडान योजना २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली तेव्हा पहिल्याच मार्गांत हैदराबाद-नांदेड होतं, सत्तरेक सीटचं एटीआर. पुढं ते उडवणारी विमान कंपनीच टिकली नाही. लातूरला अन् धाराशिवला तर धावपट्टी आहे पण तिथून रोज सत्तर माणसं मुंबईला विमानानं जाणार का, हा साधा हिशोब आहे. एकोणीस जातील. अर्थात १९ सीटचं विमान म्हणजे जादू नाही, दोन पायलटचा पगार सत्तरऐवजी एकोणीस तिकिटांवर पडतो, त्यामुळं तिकीट महागच राहणार. आणि १९ सीटचं डॉर्निअर एचएएल कानपूरला बनवतेच की, पण त्याचं डिझाइन मूळ जर्मन आणि केबिनमध्ये हवेचा दाब सांभाळायची सोय नाही, म्हणजे खालूनच हेलकावे खात जावं लागतं. सरसमध्ये ती सोय आहे. म्हणून त्याची वाट बघतोय, पण वीस वर्षं वाट बघणाऱ्यानं जास्त उड्या मारू नयेत एवढं शहाणपण आलंय.

माझं मत विचाराल तर अडचण टनेलमध्ये नाही, गेटच्या बाहेर आहे. लॅब एक नमुना उडवून दाखवू शकते, दोन दाखवू शकते. शंभर विमानं बनवायला वेंडर लागतात, स्पेअर लागतात, विकल्यावर फोन उचलणारा माणूस लागतो, आणि हे सीएसआयआरच्या लॅबचं कामच नाही. हंसा बघा. दोन सीटचं, अख्खं कॉम्पोझिटचं ट्रेनर, १९९३ ला उडालं, २००० ला हंसा-३ ला डीजीसीएचं सर्टिफिकेट मिळालं, फ्लाइंग क्लबांना मोजकीच विमानं गेली आणि तिथंच थांबलं. आपली पोरं बाहेरच्या सेसनावर शिकत राहिली. ३ सप्टेंबर २०२१ ला नवीन इंजिन अन् डिजिटल कॉकपिटवालं हंसा-एनजी उडालं, आणि या वेळी ते खाजगी कंपनीकडं बनवायला द्यायचं ठरलं, हे खरं तर वीस वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होतं. आमच्या वाळूज-शेंद्रा पट्ट्यातली कितीतरी वर्कशॉपं असले छोटे भाग बनवू शकतील, कागदपत्रांचा डोंगर चढायची तयारी ठेवली तर.

एक मजेची गोष्ट, या लॅबनं पावसाचं पण काम केलंय. हवा शेवटी हवाच, पंखावरून वाहो नाहीतर अरबी समुद्रावरून. रोद्दम नरसिंहा डायरेक्टर असताना १९८६ ला एनएएलनं फ्लोसॉल्वर नावाचा कॉम्प्युटर बनवला, बरेच प्रोसेसर एकत्र जोडून मोठं गणित वाटून सोडवणारा, भारतातला पहिला पॅरलल कॉम्प्युटर. तेव्हा बाहेरून सुपरकॉम्प्युटर मिळणं म्हणजे परवानग्यांचं लफडं होतं. पुढं त्याच्यावर मान्सूनची गणितं पण चालवली. आपल्याकडं २०१५ ला अन् २०१९ ला संभाजीनगरहून विमानं उडवून ढगात मीठ फवारलं होतं, त्यापेक्षा पाऊस कधी येणार हे आधी सांगणारं गणित मला जास्त कामाचं वाटतं. आणि कोविडमध्ये याच लोकांनी स्वस्थवायू नावाचं श्वासाचं मशीन ३६ दिवसांत उभं केलं होतं, दाब आणि हवेचा प्रवाह हा त्यांचा घरचाच विषय.

लातूर-नांदेडच्या पोरांचे मेसेज येतात की एनएएलमध्ये जायचं तर एरोनॉटिकलच करावं लागतं का. नाही. कॉम्पोझिटला केमिकल, पॉलिमर, मटेरियलवाले लागतात, टनेलला इन्स्ट्रुमेंटेशन, कंट्रोल लॉला गणित अन् इलेक्ट्रिकल, रिगला मेकॅनिकल. पीएचडी करायची तर एसीएसआयआर, म्हणजे सीएसआयआरचीच अकादमी, तिच्यामार्फत प्रवेश असतो, नेट किंवा गेटचा स्कोअर जवळ ठेवा. आणि आयटीआय-डिप्लोमावाल्यांनी पण टेक्निशियनच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, कारण टनेलचं मॉडेल घासणारा अन् कार्बनचं कापड थरावर थर लावणारा हात शेवटी त्यांचाच असतो, आणि असे हात आमच्या आयटीआयमधून दरवर्षी बाहेर पडून वॉचमनच्या नोकऱ्या करायलेत.